आराखड्यावर पहिली रेघ ओढण्याआधी

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
मा. प्रधान सचिव, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच कांदळवन कक्षाचे मा. अधिकारी यांस

विषय : मुंबईच्या पर्यावरण व्यवस्थापनात कोळी आणि आदिवासी समाजांच्या जाणकारीला आराखडा ठरण्यापूर्वी स्थान देण्याबाबत.

महोदय, महोदया,

मी उत्तर मुंबईतल्या एका कोळीवाड्यात वाढले आणि गेली सोळा वर्षे उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे तयार करण्याच्या व्यवसायात आहे. माझी आई अजूनही बाजारात मासळी विकायला बसते आणि माझ्या आजोबांचे सारे आयुष्य डोल जाळ्यामागे गेले. त्यामुळे समुद्राकडे दोन बाजूंनी पाहण्याची सवय मला आपसूक लागली. या दोन बाजूंची गाठ घालून देणारी एकही सरकारी जागा मात्र इतक्या वर्षांत माझ्या पाहण्यात आली नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी एका सल्लागार कंपनीसाठी आम्ही किनाऱ्यावरच्या जमीन-वापराचा नकाशा करत होतो. त्यात संगणकाने आमच्याच वाड्यामागची बोंबील सुकवण्याची जागा ‘मोकळी, विनावापर जमीन’ या रंगाने रंगवली. चित्र पावसाळा संपता संपतानाचे होते, वलांड्या, म्हणजे बोंबील टांगायच्या बांबूंच्या चौकटी, अजून उभ्या राहायच्या होत्या, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला तिथे खरोखरच काही दिसत नव्हते. चूक माझ्या ध्यानात आली ती मी नकाशाशास्त्र शिकले म्हणून नाही. लहानपणी त्या वलांड्यांखालून पळताना मी अनेकदा मार खाल्ला होता, म्हणून. मी वरिष्ठांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, मान्यही केले आणि शेवटी म्हणाले की अशा माहितीसाठी आपल्या तक्त्यात रकाना नाही. नकाशा त्याच रंगात पुढे गेला. तयार करणाऱ्यांच्या यादीत माझेही नाव आहे, हे मी येथे लपवू इच्छित नाही.

या पत्रात मला जे मांडायचे आहे ते त्या न सापडलेल्या रकान्याबद्दल आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच खाडीत, एकाच डोंगरउतारावर राहिलेल्या माणसांना त्या जागेविषयी जे कळते ते आपल्या व्यवस्थेत येते, पण आराखडा पूर्ण झाल्यानंतर, सूचना व हरकतींच्या मुदतीत, विरोध म्हणून येते. तेच आराखड्याच्या आधी, पर्जन्यमापकाच्या आकड्याइतक्या गांभीर्याने, माहिती म्हणून यायला हवे.

आपल्याकडे साधनांची वाण आहे असे कुणी म्हणू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतर शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापके बसली. जून २०२० मध्ये केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि महापालिका यांनी मिळून ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर-इशारा यंत्रणा सुरू केली. पाऊस, भरती, जमिनीचा चढउतार आणि पाण्याच्या निचऱ्याच्या वाटा यांचा मेळ घालून कोणत्या भागात किती पाणी साचेल याचा अंदाज ६ ते ७२ तास आधी देण्यासाठी ती उभारलेली आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबईचा वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध झाला, २०२४ मध्ये महापालिकेने हवामान अर्थसंकल्पही मांडला. अपोलो बंदरावरची समुद्रपातळीची नोंद तर १८७८ पासूनची आहे आणि हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरच्या सर्वांत जुन्या नोंदींत तिची गणना होते. या साऱ्याबद्दल मला आदर आहे. माझे पोट त्यावरच चालते.

आता दुसऱ्या बाजूचे एक उदाहरण देते आणि त्यावर जरा थांबते, कारण ‘पारंपरिक ज्ञान’ हा शब्द ऐकला की अनेकांच्या डोळ्यांपुढे नारळी पौर्णिमेची मिरवणूक येते आणि विषय तिथेच संपतो. भरतीची वेळ काढण्याचा आमच्याकडचा, खरे तर साऱ्या कोकणपट्टीतला, हिशेब असा आहे: तिथीची पाऊणपट करावी, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. या हिशेबामागे खगोल आहे. चंद्राच्या गतीमुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. तिथी सरासरीने दिवसापेक्षा किंचित लहान असल्यामुळे एका तिथीमागे हा उशीर सुमारे ४८ मिनिटांचा पडतो. पाऊणपटीचा हिशेब ४५ मिनिटे धरतो, म्हणजे दर तिथीला तीन मिनिटांची चूक होते आणि पौर्णिमा किंवा अमावास्येपर्यंत ती पाऊण तासावर जाते. त्या दिवशी हिशेब सव्वाअकरा म्हणतो, छापील तक्ता बाराच्या आसपासची वेळ दाखवतो. प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते आणि साचलेली चूक पुसली जाते. ओल्या हातांनी, हलत्या होडीत, कागदाविना करायच्या हिशेबात यापेक्षा अधिक काय हवे होते?

पण हा हिशेब वेळ सांगतो, पाण्याची उंची सांगत नाही. उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेची) भरती मोठी आणि भांगाची (अष्टमीच्या सुमाराची) लहान एवढे सर्वांना ठाऊक असते, अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी पाणी सर्वांत जास्त चढते हेही ठाऊक असते. परंतु साडेचार मीटरच्या वर कोणत्या दिवशी जाईल हे जाणण्यासाठी महापालिका पावसाळ्यापूर्वी प्रसिद्ध करते ती यादीच पाहावी लागते. माझे आजोबा तिथीवरून वेळ काढत आणि पंचांगाच्या शेजारी, त्याच खिळ्याला, भरतीचा छापील तक्ताही अडकवून ठेवत. दोहोंपेक्षा पाणी लवकर किंवा जास्त चढलेले दिसले की वारा कुठून आहे ते पाहत, कारण समुद्राकडून जोराचा वारा सलग लागला तर पाणी किनाऱ्याला रेटले जाते आणि ते ना तिथीत असते ना तक्त्यात. पारंपरिक ज्ञान आणि आधुनिक तंत्रज्ञान यांच्या समन्वयावर आज परिसंवाद होतात. आमच्या घरी त्यासाठी एक खिळा पुरत होता.

पुराच्या अंदाजाला या प्रकारच्या जाणकारीची गरज नेमकी कुठे आहे, हे सांगते. कोणत्याही गणिती मॉडेलला खाडीच्या आणि नाल्याच्या तळाची खोली द्यावी लागते, आणि ती खोली सर्वेक्षण झाले त्या दिवसाची असते. गाळ मात्र दर पावसाळ्यात जागा बदलतो. नव्या भरावाजवळ, पुलाच्या खांबामागे, नाल्याच्या तोंडाशी तो किती चढला हे होडी हाकणाऱ्याला सर्वांत आधी कळते, कारण परवापर्यंत जिथून ओहोटीतही होडी निघत होती तिथे आज ती टेकते. विहार आणि पवई तलावांचे वाहून येणारे पाणी घेऊन मिठी नदी माहीमच्या खाडीत उतरते, आणि तिच्या काठावर धारावीचा जुना कोळीवाडा आजही आहे. त्या पात्रात एकेकाळी मासेमारी होत असे. पात्र कोठे रुंद होते, पाणी आधी कोणत्या बाजूने फुगायचे आणि आता कोणत्या बाजूने फुगते, याची तोंडी नोंद तिथल्या वृद्धांकडे आहे. ही नोंद पन्नास वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन सर्वेक्षणांच्या तोलाची आहे, आणि ती देणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत.

वरळीचे उदाहरण आपणास माझ्यापेक्षा अधिक तपशिलाने माहीत आहे. क्लीव्हलँड बंदरासमोर किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधले अंतर मूळ आराखड्यात ६० मीटर होते. मच्छीमारांनी २०० मीटरची मागणी लावून धरली, समुद्रातले काम अडले, बैठकांमागून बैठका झाल्या, आणि २०२३ च्या सुरुवातीस एक खांब वगळून अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. निर्णय बदलला गेला याचे श्रेय प्रशासनाला द्यायलाच हवे. मला या प्रकरणात रस आहे तो मीटरच्या आकड्याहून वेगळ्या गोष्टीत. कागदावर ६० मीटर हे अंतर लहान होडीला पुरेसे वाटते, कारण कागदावर होडी सरळ रेषेत जाते. खवळलेल्या पाण्यात वारा आणि प्रवाह तिला आडवे ढकलतात, इंजिन बंद पडले तर ती कुठे वाहत जाईल हे त्या क्षणीच्या ओढीवर ठरते, आणि ही ओढ भरतीला एक असते, ओहोटीला दुसरी. प्रवाह मोजणारे यंत्र आणि त्या बंदरात तीस वर्षे होडी लावणारा नाखवा यांना पहिल्याच दिवशी एका टेबलापाशी बसवले असते तर हा प्रश्न अभियांत्रिकीचा राहिला असता. उशीर झाल्याने तो आंदोलनाचा झाला.

कांदळवनांबाबत थोडे कठोर लिहिते, ते आपण समजून घ्याल अशी आशा आहे. उच्च न्यायालयाचे २००५ आणि २०१८ मधले आदेश, २०१२ मध्ये स्थापन झालेला स्वतंत्र कांदळवन कक्ष, २०१५ मध्ये जाहीर झालेले ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ मध्ये त्याला मिळालेला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा, ही सर्व पावले देशात उठून दिसावीत अशी आहेत. पण उपग्रहाच्या चित्रात कांदळवन म्हणजे हिरवा ठिपका असतो, आणि हिरवे ठिपके वाढले की काम झाले असे मानण्याचा मोह आम्हां नकाशे करणाऱ्यांनाही होतो. खाडीत पायी उतरणारी बाई कांदळवनातली तिवर, कांदळ आणि चिपी ही झाडे वेगवेगळी ओळखते. तिवराखालचा चिखल आणि चिपीपुढचा चिखल यांत काय मिळते, कोणत्या पट्ट्यात चिंबोरी बिळे करते, खुबे आणि शिंपल्या कुठे लागतात, निवटी हे चिखलातले मासे कुठे नाचतात हे तिला पायांनी कळते. ज्या उघड्या चिखलावर ओहोटीच्या वेळी रोहित पक्षी आणि पाणलावे चरतात तो पट्टा वरून पाहताना रिकामा दिसतो. रिकामा दिसतो म्हणून रोपे लावण्यास योग्य ठरतो. आणि रोपे जगली तर पक्ष्यांची चरण्याची आणि बायकांची शिंपल्या वेचण्याची जागा एकाच वेळी जाते. बोंबलाच्या वलांड्यांची जागा आणि हा चिखलाचा पट्टा, दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे. लागवडीची जागा ठरवताना ड्रोनचे चित्र जरूर घ्यावे, पण ते चित्र हाती घेऊन त्या बाईबरोबर एका ओहोटीत चालून यावे. तिच्या नकाराला नोंद मिळावी आणि त्या नकाराचे लेखी उत्तर देणे अधिकाऱ्यांवर बंधनकारक असावे.

समुद्राकडून डोंगराकडे वळते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याच्या आत व आरेच्या परिसरात वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी यांचे पाडे आहेत. उद्यानातल्या बिबट्यांची मोजणी कॅमेरा ट्रॅपने होते. प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची नक्षी निराळी असल्याने छायाचित्रावरून एकेक प्राणी ओळखता येतो, आणि २०२१ मध्ये काही बिबट्यांना रेडिओ कॉलर लावून त्यांच्या रात्रीच्या वाटाही अभ्यासल्या गेल्या. कॅमेरा मात्र ज्या वाटेवर बांधला त्या वाटेवरचेच दाखवतो, आणि वाट कोणती हे ज्याला पाऊलखुणा वाचता येतात तोच सांगतो. अशा सोबत्यांचा उल्लेख अहवालांत बहुधा आभाराच्या परिच्छेदात होतो. लेखकांच्या यादीत तो क्वचितच दिसतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वाघोबाची, पाड्यांवरच्या वाघदेवाची, आहे. वारली बोलीत वाघ म्हणजे पट्टेवाला आणि बिबट्या दोन्ही. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या भागांत संशोधकांनी वाघोबाच्या सुमारे १५० स्थानांची नोंद केली असून त्यावरचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. वाघबारशीला त्याला मान द्यायचा, वर्षभर त्याची वाट सोडायची, तो या जागेचा भागीदार आहे हे धरून वागायचे, असा हा व्यवहार आहे. मी त्याला विज्ञान म्हणणार नाही, आणि म्हणण्याची गरजही नाही. पण त्याच्याशेजारी एक वैज्ञानिक निष्कर्ष ठेवून पाहावा. जुन्नर परिसरात या शतकाच्या सुरुवातीस पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत नेऊन सोडले गेले, आणि विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात असे दिसले की सोडलेल्या ठिकाणांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. उचलून दुसरीकडे नेल्याने प्रश्न सुटत नाही, जागा वाटून घेऊनच राहावे लागते, हे शास्त्रज्ञांना आकड्यांनी कळले आणि पाड्यांवर ते आधीपासून वागण्यात होते. उद्यानालगतच्या इमारतींना कचरा उघड्यावर टाकू नये, रात्री दिवा असावा, मुलांना अंधारात एकटे सोडू नये अशा सूचना आज दिल्या जातात. त्या सूचना देणाऱ्या कार्यक्रमांत पाड्यावरचा माणूस नृत्य सादर करण्यासाठी न येता शिकवण्यासाठी यावा, एवढेच म्हणते.

मासेमारी बंदीच्या कालावधीबद्दलही दोन वाक्ये लिहिणे भाग आहे. सध्या ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. पूर्वी राज्याच्या बंदीचा शेवट नारळी पौर्णिमेशी जोडलेला होता, आणि अनेक मच्छीमार संस्था ती पुन्हा ऑगस्टच्या मध्यापर्यंत वाढवण्याची मागणी करत आल्या आहेत. स्वतःच्या कमाईचे दिवस कमी करून मागणारा समाज काहीतरी पाहून मागत असतो. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेकडे समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य यांची उपग्रहीय माहिती आहे, आणि मासे कुठे मिळण्याचा संभव आहे याचे सल्ले ती त्यावरून देते. मासे कुठे धरावेत हे सांगणारे तंत्रज्ञान कधी धरू नयेत हे ठरवायलाही वापरता येईल, आणि त्यासाठी लागणारी दुसरी नोंद बाजारात बसणाऱ्या बायकांकडे आहे. पापलेटाचा आकार कोणत्या वर्षापासून उतरला, गाभोळी कोणत्या पंधरवड्यात दिसते, कोणती मासळी टोपलीत येईनाशी झाली, हे माझ्या आईला कोणत्याही सर्वेक्षकाआधी कळते. तिला हे आजवर कुणी विचारलेले नाही.

इथे एक गोष्ट स्वतःच्या लोकांविरुद्ध लिहिणे मला भाग आहे. आमचे सगळे ठोकताळे खरे नसतात, आणि जे खरे होते तेही आता चुकू लागले आहेत. अरबी समुद्र तापतो आहे, १७ मे २०२१ चे तौक्ते वादळ मुंबईच्या इतक्या जवळून गेले की ज्यांनी आयुष्यभर आकाश वाचले तेही गोंधळले, आणि किनाऱ्याला बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. त्या दिवसाचा इशारा उपग्रह आणि रडार यांनीच दिला होता. कावळ्याने घरटे कोणत्या बाजूला बांधले यावरून पाऊस सांगणाऱ्यांवर मी भिस्त ठेवणार नाही. मात्र शेवळं ही रानभाजी कोणत्या आठवड्यात उगवली याची आरेच्या पाड्यावरची दरवर्षीची आठवण लिहून ठेवली तर पहिल्या सरींच्या बदलत्या वेळेचा तो साधा, स्वस्त आणि तपासता येण्याजोगा पुरावा होईल. प्रत्येक ठोकताळ्याला तपासणी हवी, आणि ती यंत्रालाही हवी. शिवाय कोळीवाडा म्हणजे एक आवाज नव्हे: डोल लावणारा, मोठ्या यांत्रिक बोटीचा मालक आणि खाडीत शिंपल्या वेचणारी यांचे हित आणि माहिती वेगवेगळी असते, आणि मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांना बोलावून चहा दिला म्हणजे समाजाला विचारले असे होत नाही.

आता मालकीविषयी. माझ्या मते सारी चर्चा इथेच अडते. हळदीच्या औषधी वापरावर अमेरिकेत घेतलेले पेटंट आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, लढून १९९७ मध्ये रद्द करवले, याचा प्रत्येक मराठी माणसाला अभिमान आहे. परदेशी संस्थेने आपल्या आजीबाईच्या बटव्यातले काही नेले तर आपण चिडतो. पाड्यावरचे किंवा कोळीवाड्यातले काही आपल्याच संस्थांनी नेले तर त्याला आपण सर्वेक्षण म्हणतो. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने स्थानिक समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या यांची सोय केली, आणि माधव गाडगीळ यांच्यासारख्या अभ्यासकाने लोकांनी स्वतः नोंद करावी ही कल्पना त्याच्याही आधीपासून रुजवली होती. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने या नोंदवह्या पूर्ण करण्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही अंतिम मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. मुदतीच्या धाकाने भरलेली नोंदवही आणि माणसांबरोबर चार ऋतू काढून भरलेली नोंदवही यांतला फरक पहिल्या दहा पानांत कळतो. मुंबईची नोंदवही पुन्हा, सावकाश, कोळीवाड्यांत आणि पाड्यांवर बसून लिहिली जावी अशी माझी मागणी आहे.

आणि त्यात जे लिहिले जाईल ते सगळे खुल्या नकाशावर टाकू नये. घोळ किंवा जिताडा कोणत्या कोपऱ्यात अंडी घालतो हे एकदा सर्वांच्या मोबाइलवर आले की पुढच्या हंगामात तो कोपरा राहणार नाही. कोणती माहिती खुली, कोणती फक्त विभागापुरती आणि कोणती लिहायचीच नाही, हे ठरवण्याचा अधिकार माहिती देणाऱ्याकडे असला पाहिजे, आणि दिलेली माहिती परत मागण्याचाही.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला पश्चिम आर्न्हेम लँडमध्ये २००६ पासून एक प्रकल्प चालू आहे. तिथले मूळ रहिवासी कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला, गवत अर्धे ओले असताना, पूर्वापार रीतीने ठिकठिकाणी लहान आगी लावतात. आग कुठे लावायची हे जाणते ठरवतात, हेलिकॉप्टर दुर्गम भागात पोचवते, जळालेले क्षेत्र उपग्रह मोजतो, आणि पुढे भडकणारे मोठे वणवे टळल्यामुळे वाचलेल्या उत्सर्जनाचा मोबदला समाजाला मिळतो. हे उदाहरण आपल्याकडे तंत्रज्ञानाच्या कौतुकासाठी सांगितले जाते. त्यातला अवघड भाग निराळा आहे: त्या भूमीवरचा त्यांचा हक्क कायद्याने आधी मान्य झालेला होता. आपल्याकडे २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांचे नकाशे करण्याची स्पष्ट तरतूद होती, २००६ चा वनहक्क कायदाही आहे. तरी सीमांकन आणि दावे यांच्या फायली आजही कोळीवाड्यातल्या बैठकींचा पहिला विषय असतात. ज्याच्या घराखालची जागा ‘विनावापर’ दिसते त्याला आपले ज्ञान प्रशासनाच्या हाती देताना भीती वाटणे स्वाभाविक आहे.

म्हणून माझी विनंती अशी आहे. वातावरण कृती आराखड्याखाली निघणाऱ्या प्रत्येक निविदेत, नकाशा करणाऱ्याने स्थानिक नावांचा आणि स्थानिक वापराचा थर वर्षाच्या चारही हंगामांचा विचार करून जोडावा अशी अट असावी, आणि उपग्रह व माणूस यांच्यात मतभेद असेल तिथे दोन्ही म्हणणी नकाशावर शेजारी शेजारी राहू द्यावीत. नाल्यांच्या तोंडांशी, खाड्यांत आणि पाड्यांवर मानधनावर निरीक्षक नेमावेत. त्यांची नोंद त्यांच्याच शब्दांत आपत्ती व्यवस्थापनाच्या नियंत्रण कक्षात पोचावी, आणि तिथला अंदाज तिथी आणि भरतीसह, मराठीत, त्यांच्यापर्यंत परत यावा. या कामाला हवामान अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष असावे, कारण लेखाशीर्ष नसलेल्या गोष्टीला सरकारी कागदावर जागा मिळत नाही हे मी एकदा अनुभवले आहे. हे सारे एका विभागात, एका पावसाळ्यापुरते करून पाहिले तरी चालेल. मिठीचे तोंड त्यासाठी योग्य ठरेल.

त्या प्रयोगाची सुरुवात म्हणून एक साधे निमंत्रण देते. येत्या पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला आपल्या पर्जन्य जलवाहिन्या खात्यातील एक अभियंता आणि मॉडेलवर काम करणारा एक तज्ज्ञ माहीमच्या खाडीकाठी पाठवावा. आम्ही चार-पाच जण तिथे असू. त्यांत दोन बायका असतील. पाऊणपटीच्या हिशेबाने पाणी दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण चढेल. छापील तक्ता आणि लॅपटॉप आपण आणावा.

आपली नम्र,
कोळीवाड्यातली एक नकाशाकार
मुंबई